पाणीपट्टी, पाऊस आणि पॅनेल: ग्रामसभेत मतभेद मांडायची रीत

पाणीपट्टी वाढवायचा विषय निघाला की बहुतेक ग्रामसभा एकाच वळणाने जातात. एकजण उठून म्हणतो, "नळाला तीन दिवसांआड पाणी, आणि पट्टी कसली वाढवता?" दुसरा लगेच, "तुमच्या पॅनेलच्या काळात टाकीचं काय झालं ते सांगा आधी." तिसरा म्हणतो, "पाऊसच नाही तर सरपंच काय करणार?" पाच मिनिटांत एका विषयाचे तीन होतात आणि आवाज चढतात. म्हातारी माणसं उठून जातात, बायका तर आधीच मागच्या दाराने गेलेल्या असतात. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, मात्र एवढीच ओळ उरते: "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." पुढच्या महिन्यात वाढीव बिल हातात पडतं आणि पारावर पुन्हा तोच आरडाओरडा सुरू होतो.

ज्यांची तक्रार खरी असते तेच यात हरतात, म्हणून हे लिहितो आहे. तक्रार योग्य असून क्रम चुकतो. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा त्यांच्या आसपास होतात. जी सभा धरायची असेल तिच्या दीड महिना आधी कामाला लागा. सभेच्या आदल्या रात्री तयारी करून काही हाती लागत नाही.

## टप्पा १: भांडणाचे तीन तुकडे करा

वहीचं एक पान घ्या आणि त्यावर तीन रकाने पाडा: पैसे, पाणी, माणसं. मनात जे काही साचलंय ते यांपैकी एका रकान्यात टाका. "पट्टी दुप्पट झाली" हे पैशात जाईल, "मार्चनंतर विहीर उघडी पडते" हे पाण्यात आणि "त्यांच्या आळीला रोज पाणी सुटतं" हे माणसांत.

हे करायचं कारण असं की तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. कराचा दर ग्रामपंचायत ठरवते, तेही महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० यांच्या चौकटीत. पाण्याचं उत्तर विहिरीत आणि पर्जन्यमापकात असतं. माणसांच्या तक्रारीवर भर सभेत उत्तर मिळत नाही, ते कुणाच्या तरी ओट्यावर बसूनच मिळतं.

पैशाच्या रकान्यात आणखी एक फोड करा. बिलावर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी अशा वेगळ्या ओळी असतात. विशेष पाणीपट्टी ही घरात घेतलेल्या खाजगी नळाची. घरपट्टीचं गणित आणखी निराळं आहे. डिसेंबर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. त्यामुळे दर न वाढताही घरपट्टी वाढू शकते. "पाणीपट्टी वाढली" म्हणून भांडायला गेलेल्या माणसाचा आकडा घरपट्टीने वाढलेला निघाला, तर त्याची पुढची सगळी खरी वाक्यंही वाया जातात.

तपासा: तुमची तक्रार बिलातल्या नेमक्या कुठल्या ओळीची आहे, हे बोट ठेवून दाखवता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: स्वतःची बाकी भरा, मग कागद मागा

सगळ्यांत आधी आपली थकबाकी चुकती करा आणि पावती खिशात ठेवा. सभेत येणारा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो: "तुझी बाकी किती?" त्याला उत्तर म्हणून पावती पुढे ठेवता आली पाहिजे.

त्यानंतर कागद. सगळे लागत नाहीत, एवढे पुरतात:

- तुमच्या घराचा नमुना ८ चा उतारा (कर आकारणी) आणि नमुना ९ मधली मागणी
- चालू वर्षाचं अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १
- पाणीपुरवठ्यावरचा गेल्या वर्षीचा खर्च: वीजबिलं, पाणी सोडणाऱ्याचं मानधन, मोटारदुरुस्ती, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर
- पाणीपट्टीची एकूण मागणी आणि एकूण वसुली, फक्त बेरजा
- दर वाढवण्याच्या ठरावाची प्रत

आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा यातलं बरंचसं मागताना आपण काही जगावेगळं मागतो आहोत, असा संकोच धरायचं कारण नाही.

मागायचाही क्रम आहे. आधी भाऊसाहेबांना समोर बसून तोंडी विचारा. (ग्रामसेवकाचं पदनाम बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालं असलं तरी गावात भाऊसाहेबच म्हणतात.) आठ दिवसांत मिळालं नाही तर साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही नाही मिळालं तरच माहिती अधिकार. त्याला १० रुपये शुल्क लागतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची.

सावधान: थेट माहिती अधिकारापासून सुरुवात करू नका. हक्क तुमचा आहेच, पण लहान गावात तो अर्ज म्हणजे लढाईची दवंडी समजला जातो. तोंडी विचारल्यावर दोन दिवसांत मिळाला असता तो कागद मग महिनाभर अडतो.

## टप्पा ३: आकडेमोड सभेआधी करा, एका पानावर

बहुतेक लोक "जास्त आहे" आणि "परवडत नाही" यापलीकडे जात नाहीत. पाणीयोजनेचा खर्च काढणं मात्र अवघड नाही. नमुन्यादाखल एक गाव धरू, आकडे समजण्यापुरते.

गावात ४०० नळ आहेत. वर्षाचं वीजबिल १,८०,००० रुपये, पाणी सोडणाऱ्याचं मानधन ९६,००० आणि दुरुस्ती व पावडर मिळून ८४,०००. बेरीज ३,६०,०००. चारशेने भागलं की नळामागे वर्षाला ९०० रुपये. सगळ्यांनी भरले तर योजना चालते.

आता वसुली साठ टक्के धरा. पैसे भरणारे नळ उरले २४०. तोच खर्च त्यांच्यावर वाटला तर नळामागे १,५०० रुपये येतात. म्हणजे ९०० चे १,५०० होण्यात ना विजेचा दोष, ना सरपंचाचा. वरचे ६०० रुपये थकबाकीचे आहेत आणि ते नियमित भरणाऱ्याच्या खिशातून जाणार. हा एक आकडा मांडला की सभेचा प्रश्नच बदलतो. "पट्टी वाढवायची की नाही" यावरून लोक "वसुली कशी वाढवायची" यावर येतात, आणि तिथे दोन्ही पॅनेलची माणसं एका बाजूला बसू शकतात.

विजेचा आकडाही एकदा पडताळा. ५ अश्वशक्तीची मोटार साधारण ३.७३ किलोवॅटची. रोज सहा तास चालली तर दिवसाला २२ युनिटच्या आसपास, महिन्याला सुमारे ६७०. बिलावर याच्या दुप्पट युनिट दिसले तर मोटार बारा तास चालते आहे, पाइपलाइन गळते आहे किंवा मीटर तपासायला हवा. चोरीचा आरोप करू नका. "युनिट दुप्पट का दिसतात?" एवढाच प्रश्न कागदावर लिहा.

माझ्या हातून झालेली चूक: एका सभेत मी थकबाकीदारांची यादी नावानिशी वाचली. त्यात एक म्हाताऱ्या काकू होत्या. त्यांच्या नळाला दोन वर्षं पाणीच पोचत नव्हतं, म्हणून त्यांनी पट्टी थांबवली होती. हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. त्या खाली मान घालून निघून गेल्या आणि पुन्हा कधी सभेला आल्या नाहीत. माझा आकडा बरोबर होता आणि मी वागलो ते चूक होतं. तेव्हापासून थकबाकी मी फक्त आळीवार बेरजेत सांगतो. आणि ज्या आळीची बाकी जास्त, तिथे पाणी शेवटपर्यंत पोचतं का, हे आधी जाऊन पाहतो.

## टप्पा ४: पावसाचा वाद गावच्या आकड्यांवर आणा

हवामान बदलाचा विषय सभेत निघाला की दोन टोकं तयार होतात. एक बाजू म्हणते, सगळं हवामानामुळे, आपल्या हातात काही नाही. दुसरी म्हणते, ७२ चा दुष्काळ आम्ही पाहिलाय, तेव्हा कुठे होतं हवामान बदल? दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक असतात. ७२ पाहिलेल्या आजोबांना खोटं पाडायला जाऊ नका. त्यांची आठवण हीच तुमची सर्वांत जुनी नोंद आहे. त्यांना विचारा: तेव्हा गावात किती विहिरी होत्या, किती खोल होत्या, बोअर होती का, ऊस किती होता? त्यांच्या उत्तरातूनच कळतं की आज तसाच पाऊस पडला तरी गाव तेच राहिलेलं नाही.

मग आपल्या महसूल मंडळाची दहा वर्षांची पर्जन्यनोंद काढा. तलाठी कार्यालय किंवा कृषी सहायक वाट दाखवतील. नुसती वर्षाची बेरीज पाहू नका. पावसाचे दिवस मोजा (२.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस हवामान खात्याच्या लेखी पावसाचा) आणि खंड, म्हणजे पावसाविना गेलेले सलग दिवस, मोजा. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांनी शेतं खरवडून नेली. अशा दोन वर्षांची सरासरी काढली तर ती कुणाच्याच अनुभवाशी जुळणार नाही, आणि लोक म्हणतील, तुमचे आकडे खोटे आहेत.

आता पाण्याचा ताळेबंद. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, एवढं सूत्र पाठ असलं की पुरे. गावचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर असेल तर पडलेलं पाणी ४८० कोटी लिटर. त्यातलं बरंच वाहून जातं, बाष्प होतं, पिकं घेतात. २,००० लोकसंख्येला जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर, म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. मोकाट पाण्यावरच्या उसाला २,००० मिलिमीटर पाणी धरलं, तर तेवढेच ४ कोटी लिटर दोन हेक्टर उसाला लागतात.

हे वाक्य सभेत जपून बोलायचं. तो उसवाला तुमचा चुलतभाऊ असतो, त्याच्यावर सोसायटीचं कर्ज असतं, आणि दराची थोडीफार हमी असलेलं पीक म्हणून त्याने ऊस लावलेला असतो. "ऊसवाल्यांनी पाणी पळवलं" म्हणालात की पाण्याचा विषय संपला आणि भाऊबंदकी सुरू झाली. मागणी लहान आणि जागेची करा: पिण्याच्या विहिरीच्या आसपासचा उपसा एप्रिल-मे मध्ये कमी करायचा का, ठिबकसाठी अर्ज करणाऱ्यांना ग्रामपंचायतीने कागदपत्रांत मदत करायची का. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्याचं बंधन आहे, तेही नाव न घेता वाचून दाखवता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून त्यावर पिकं ठरवायची पद्धत पाडली. तिथे गाव एका रात्रीत एकमताचं झालं नव्हतं, पण आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर होता.

तपासा: विहिरीची पातळी तुम्ही स्वतः मोजली आहे का? दोरीला खूण करून, सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी, आणि सोबत दुसऱ्या पॅनेलचा एक माणूस घेऊन. दोघांनी मिळून मोजलेल्या आकड्यावर सभेत वाद होत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे मध्ये. तुम्हीही तेच महिने धरा.

## टप्पा ५: विरोधकाच्या ओट्यावर आधी जा

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तरी पॅनेल असतातच. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. त्यामुळे कित्येक गावांत सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचं, अशी स्थिती असते. अशा गावात पाणीपट्टीचा विषय दोघांच्या ओढाताणीत कधी अडकतो ते कळतसुद्धा नाही.

म्हणून सभेच्या आठवडाभर आधी दोन घरी जा: ज्यांनी वाढीचा ठराव मांडला त्यांच्या, आणि जे तुमच्या मागे उभे राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडतील त्यांच्या. पहिल्या घरी तुमचं एक पान दाखवा आणि विचारा, "तात्या, यात आकडा कुठे चुकला असेल तर आजच सांगा." सभेत कुणालाही अचानक गाठू नका. अचानक गाठलेला माणूस चूक असली तरी मान्य करत नाही, कारण समोर त्याची सून बसलेली असते. दुसऱ्या घरी एवढंच सांगा: "माझं बोलणं होईपर्यंत थांब, मग तू बोल."

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. कित्येक ठिकाणी ती कागदावरच उरकतात. ती खरोखर व्हावी म्हणून सरपंच ताईंना, सरपंच पुरुष असतील तर सदस्य वहिनींना, आधी सांगून ठेवा. पाणी किती वाजता सुटतं, किती हंडे भरतात, कुठल्या आळीत दाब नसतो, हे पुरुषांना अंदाजाने माहीत असतं, बायकांना नेमकं.

## टप्पा ६: विषय विषयपत्रिकेवर घ्या

सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. तुमचा अर्ज त्याच्याही आधी, म्हणजे सभेच्या किमान पंधरा दिवस आधी पोचला पाहिजे. मजकूर लांबवू नका:

"येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत पुढील विषय घ्यावा, ही विनंती: पाणीपुरवठा योजनेचा गेल्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च, वसुलीची टक्केवारी आणि विशेष पाणीपट्टीचा दर यांवर चर्चा व निर्णय."

यात तक्रारीचा एकही शब्द नाही, आणि तसंच हवं. विषय निमंत्रणासारखा लिहिला तर तो नाकारायला कारण सापडत नाही.

सावधान: "ऐनवेळचे विषय" यावर भिस्त ठेवू नका. तो विषय शेवटी येतो, तोवर निम्मे लोक शेताकडे गेलेले असतात.

कोरमचंही बघा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती हजर लागते. नाहीतर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. तिथे दहा माणसांतही ठराव होऊन जातो. आपली माणसं पहिल्याच सभेला आणा.

## टप्पा ७: सभेत तीन मिनिटं

पुढे बसा. उठल्यावर अध्यक्षांना उद्देशून बोला, समोरच्या पॅनेलकडे बघून बोलू नका. हा क्रम ठेवा: आधी जे मान्य आहे ते ("वीजबिल वाढलंय, हे मी बिलं पाहून सांगतो"), मग एक आकडा, मग एक मागणी. पान आधीच पाचसहा जणांच्या हाती दिलेलं असू द्या.

टोमणा येणारच. "तुमच्या काळात काय केलंत?" यावर उत्तर तयार ठेवा: "आमच्या काळातली चूक वेगळ्या विषयात घ्या, मी उत्तर देईन. आत्ता नऊशे की पंधराशे, एवढंच ठरवू." "तू मोठा शहाणा" यावर काहीच बोलू नका. बोललात तर प्रोसिडिंगमध्ये येत नाही आणि गावाच्या लक्षात मात्र तेच राहतं. तुमच्या बाजूचा माणूस घसरला तर त्याला तुम्हीच थांबवा. समोरच्याने थांबवलं तर भांडण होतं, तुम्ही थांबवलं तर सभेला कळतं की तुम्हाला निर्णय हवा आहे.

वेळ बघा. एका विषयावर अर्धा तास झाला आणि तीच वाक्यं फिरू लागली, तर पाच जणांची समिती मागा, दोन्ही बाजूंची, त्यात दोन बायका, आणि पुढच्या मासिक सभेपर्यंत मुदत.

## टप्पा ८: उठण्याआधी ठराव वाचून घ्या

इथे सर्वांत जास्त घात होतो. चर्चा एक होते आणि लिहिलं जातं दुसरं. सभा संपायच्या आधी म्हणा, "भाऊसाहेब, ठराव वाचून दाखवता का?" त्यात चार गोष्टी ऐका: आकडा, तारीख, सूचक, अनुमोदक. तुमचा विरोध असेल तर "सर्वानुमते" हा शब्द काढायला सांगा आणि विरोधाची नोंद नावानिशी घ्यायला लावा. हजेरीची सही करताना पानावर सभेची तारीख आहे का ते पाहा. कोऱ्या पानावर सही नको.

## टप्पा ९: निर्णय विरुद्ध गेला तर

ग्रामसभेत आवाज उठवला म्हणजे हरकत नोंदली, हा गैरसमज सर्वत्र आहे. कर लावताना किंवा आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर ग्रामपंचायत हरकती मागवते. नोटिशीत लिहिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तिथे समाधान झालं नाही तर अपील पंचायत समितीकडे, त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे.

सावधान: निषेध म्हणून पट्टी थांबवू नका. बिल, मागणी नोटीस आणि त्यानंतर जप्ती, असा वसुलीचा क्रम कायद्यात आहे. तुम्ही सदस्य असाल तर मागणीनंतर तीन महिन्यांत कर न भरल्याने पदही जाऊ शकतं. पैसे भरा आणि हरकतीच्या अर्जात "हरकत कायम ठेवून भरणा केला आहे" असं लिहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्याशी सर्वांत जास्त वाजलं त्यांच्याकडे चहाला जा. विषय काढायचा नाही. मार्चमध्ये मात्र दोरी घेऊन त्यांनाच हाक मारा, विहीर मोजायची आहे म्हणून.